शिवण बघून घेतलेली गाडी

आमच्या घरात तीन पिढ्या शिवणकाम चालतं, आणि गाडी कधीच कुणाच्या नावावर नव्हती. त्यामुळे माझी पहिली गाडी बघायला बाबा आणि आत्या गळ्यात मोजपट्टी अडकवून आले, यात मला काही वावगं वाटलं नाही.

मी जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती. अट एकच: चारही चाकं ओढणारी स्वतःची गाडी हवी, कारण शेवटचे नऊ किलोमीटर नुसता चिखल. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी जाऊ नये असं बाबांना वाटत होतं. तसं ते बोलले नाहीत. फक्त माझ्या रेनकोटाचं अस्तर तीनदा उसवून पुन्हा लावलं.

गाडी बावीस वर्षांची. विकणारे जमिनीचे एक निवृत्त मोजणीदार, एकटेच राहणारे. बाबांनी ताडपत्रीच्या टपाची शिवण नखाने तपासली. आत्याने सीटची कव्हरं उलटून पाहिली आणि "दुहेरी टीप आहे," असा निकाल दिला. गिअरशेजारच्या छोट्या दांड्याला, म्हणजे ज्याने पुढची चाकं जोडली जातात त्याला, चामड्याचं कव्हर होतं. ते बघून बाबांनी चष्मा पुसला.

"हे कुणी शिवलं?"

"मीच," मोजणीदार म्हणाले.

पुढचा तासभर तिघं दोऱ्यावर बोलले. मीही शहाण्यासारखी मान डोलावत होते. बॉनेट कुणी उघडलं नाही. शनिवारी दुपारी गाडी आमची झाली.

घरी येताना पहिल्याच ओल्या चढावर मागची चाकं गरगर फिरली, पुढची ढिम्म. मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "ताई, पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाहीये. दांडा हलतो, पण नुसता शोभेला."

"बाबा, कव्हर बघून गाडी घेतली आपण!" मी भडकले. "आता सोमवारी काय शिलाई मशीनवर बसून जाऊ?"

बाबांनी मोजणीदारांना फोन लावला. "इंधन वाचावं म्हणून सहा वर्षांपूर्वी काढला होता म्हणे. कुठे ठेवला ते आठवत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, म्हणाले. आपण दोऱ्याचंच विचारत होतो."

"संपलं मग."

"एवढी शिवण घालणारा माणूस वस्तू टाकून देत नाही."

रविवारी सकाळी बाबा एकटेच गेले. मी भरलेली बॅग रिकामी करायला घेतली. रडले, खोटं कशाला सांगू. दुपारी ते परतले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते आणि खांद्यावर कॅनव्हासची लांबट पिशवी होती. आत शाफ्ट, ग्रीस लावून, तेलकट कागदात गुंडाळलेला. मेकॅनिक तो घेऊन लगेच गाडीखाली गेला.

"मोजणीदारांनी काढून दिला?" मी विचारलं.

"ते जेवून झोपले होते. शेडमध्ये मी एकटाच होतो." बाबा बराच वेळ हात पुसत राहिले. "मिळाला नाही म्हणालो असतो, तरी कुणाला कळलं नसतं."

मी साबणाची वडी त्यांच्यापुढे सरकवली.

"तासभर बसलो होतो तो मांडीवर घेऊन."

"मग?"

"मग काय." त्यांनी रिकामी पिशवी माझ्यापुढे धरली. "शाफ्टच्या मापाने शिवलीय त्यांनी. शिवण बघ."