रिकामा झालेला चौक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, फाटक्या नकाशांच्या कपाटाशेजारी माझं टेबल आहे. माझा पंखा घरघरतो, मला लवकर ताप चढतो आणि कोणी घाईघाईने बटणं बडवली की मी रुसून बसतो. पण नाकं मुरडू नका. एके काळी अख्खी वस्ती माझ्या पोटात नांदत होती!

माझी पहिली वर्षं एका वकिलाच्या कचेरीत गेली. दिवसभर रुक्ष मजकूर गिळायचा आणि संध्याकाळी कापड पांघरून झोपायचं. नवा संगणक आला तसं वकिलांनी मला वाचनालयाला देऊन टाकलं. वाटलं, संपलं सगळं, आता धूळ खात पडायचं. पण इथल्या ग्रंथपालबाई भारी हौशी. त्यांनी माझ्यात एक आभासी जग उभं केलं. आपल्याच वस्तीची हुबेहूब नक्कल! त्याच इमारती, तेच औषधांचं दुकान, मधोमध तेच मोकळं मैदान आणि त्याला लागून चौक. लोक घरबसल्या फोनवरून माझ्यात शिरायचे, आवडेल ते रूप घ्यायचे आणि चौकात जमायचे.

काय सांगू त्या चौकाची मजा! जिन्यात समोरासमोर आली तरी मान खाली घालून जाणारी माणसं इथे तावातावाने वाद घालायची, एकमेकांना पटवायची, चुकलं तर माफीही मागायची. औषधांच्या दुकानाचे मालक गिऱ्हाइकाशी 'हो' आणि 'नाही'पलीकडे बोलत नसत. माझ्यात ते वाघ होऊन यायचे आणि कचऱ्यापासून दिव्यांपर्यंत सगळ्यावर गुरगुरायचे. दोन वेण्यांची एक मुलगी तर चौकभर धावत असायची. ती खरी कोण, हे फक्त मला ठाऊक होतं. औषधांच्या दुकानाच्या वर, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मावशी त्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. पण मी कधी कोणाच्या चहाड्या केल्या नाहीत.

एकदा बातमी आली, की नगरपालिका मैदानावर गाड्या लावायची जागा करणार. वाघ आधी खूश झाला, त्याला गाडी ठेवायला जागा नव्हती. वेण्यांवाली हात धुऊन त्याच्या मागे लागली. तिने माझ्यातल्या मैदानावर सगळ्यांच्या गाड्या उभ्या करून दाखवल्या आणि म्हणाली, "आता मुलांना कुठे उभं करायचं ते तुम्हीच दाखवा." वाघाला जागा सापडेना. शेवटी त्यानेच मतदान पुकारलं. सगळ्या चौकाने हात वर केले, मैदान वाचलं म्हणून लोक नाचले. माझा पंखा इतका गरगरला, की बाईंना खिडकी उघडावी लागली.

पण मित्रांनो, इथेच सगळे फसले. मैदान वाचलं होतं ते माझ्यातलं. खऱ्या मैदानाची सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि मत तर दिलंय म्हणून तिकडे कोणी फिरकलंच नाही. ग्रंथपालबाई एकट्याच चौकाचं चित्र घेऊन गेल्या. अधिकाऱ्यांनी चित्र कौतुकाने पाहिलं आणि परत केलं.

"छान आहे हो, पण मला समोर बसलेली माणसंच मोजता येतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतो. मग कोणाचीच हरकत नाही असं लिहावं लागेल."

बाई धापा टाकत माझ्यासमोर येऊन बसल्या आणि चौकात लिहिलं, "असाल तसे सुनावणीला निघा. इथे वर केलेले हात तिथे मोजत नाहीत."

काहींनी कामाची सबब सांगितली. वेण्यांवाली मात्र जागच्या जागी उभी राहिली. ती अशी थांबलेली मी प्रथमच पाहत होतो. मग अक्षरं उमटली, "मला यायचंय. पण मी म्हातारी आहे. चौथ्या मजल्यावर राहते, जिना उतरता येत नाही. मला कोणी खाली नेईल का?"

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस जे लपवलं, ते तिने सगळ्यांपुढे उघड केलं होतं.

वाघाने लिहिलं, "अहो मावशी, तुम्ही? तुमची औषधं मीच तर वर पाठवतो! थांबा, खुर्ची घेऊन आलो."

आणि वाघ दिसेनासा झाला. त्याच्यामागे सबबी सांगणारेही एकेक करून निघाले. बघता बघता माझ्या चौकात चिटपाखरू उरलं नाही. कोणी सोडून गेल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

पुढचं मी बाईंच्या तोंडून ऐकलं. मावशींना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही तर मैदानात जात नाही. मग तुमची हरकत कशाला?"

मावशी म्हणाल्या, "मुलं खेळतात ते मला वर ऐकू येतं. तेवढीच घरात जाग असते. तुम्ही गाड्या लावल्यात, की मी दिवसभर काय ऐकू?"

मागे माणसं दाटीवाटीने उभी होती. सगळी मोजली गेली आणि मैदान राहिलं.

आता ती आभासी वस्ती एका नव्या, चपळ यंत्रात गेली आहे. माझ्याकडे कोणी सहसा वळत नाही. तरी, मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. माझ्यासारख्या जगांना जपा. तिथे मुकी माणसं बोलती होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त कोणी खरोखर हाक मारली, की खेळ अर्धा टाकून उठा. मला तसंच चालू ठेवून गेलात तरी चालेल.