लाल रेघेवरचा परिच्छेद

मी निबंधाचा कागद बोलतोय. पाठपोट भरलेला. भाईंदरच्या एका हायस्कुलात दहावीच्या हेमांगीने मला लिहिलं. विषय होता ‘माझे देशप्रेम’. एका प्रतिष्ठानाची स्पर्धा होती आणि पहिल्या नंबराला अकरावी-बारावीची सगळी फी मिळणार होती. हेमांगीला सायन्सला जायचं होतं. घरून तेवढं झेपणारं नव्हतं.

परीक्षक शशिकांत सर प्रतिष्ठानच्या केबिन रोडवरच्या कार्यालयात बसले. समोर माझ्यासारखे दीडशे कागद. ते वाचत नव्हते, चाळत होते. ‘भारतमाता’ दिसली की बरोबरची खूण, ‘बलिदान’ दिसलं की दुसरी. एका पानावर फक्त घोषणाच होत्या, त्याला त्यांनी भरभरून गुण दिले. एवढं स्वस्त देशप्रेम मी आधी पाहिलं नव्हतं.

माझ्यापाशी मात्र त्यांचं पेन थांबलं. हेमांगीने लिहिलं होतं, ‘पंधरा ऑगस्टचा झेंडा माझ्या आईने धुतला, इस्त्री केला. त्या आठवड्यात आमच्या पाड्यातल्या नळाला पाणी नव्हतं. तिने टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेल्या हंड्यातलं पाणी आधी झेंड्याला वापरलं.’

सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि हेमांगीला बोलावून घेतलं. निबंध उत्तम आहे म्हणाले. प्रतिष्ठानचे अध्यक्ष जितेंद्रभाऊ स्वतः बक्षीस देणार, त्यांच्यासमोर नळाचं रडगाणं बरं दिसत नाही, असंही समजावलं. मग कोरा कागद पुढे सरकवला.

“एवढा परिच्छेद गाळून उतरवून दे. पहिला नंबर तुझाच.”

हेमांगीने त्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं. तिला फी दिसत असणार.

“सर, मग झेंडा कोणी धुतला ते कुठे लिहू?”

सरांनी घड्याळात पाहिलं. तिने मला उचललं आणि ती निघाली.

बक्षीस घोषणांच्या पानाला मिळालं. जितेंद्रभाऊंनी फोटोसाठी ते उलटं धरलं होतं.

घरी तिच्या आईने, ममताने, ओळीखाली बोट ठेवत मला सावकाश वाचलं. पुढे ‘झेंड्याला नीळ घातली’ इथे ती अडली.

“झेंड्याला नीळ घालत न्हाय गो. केशरी काळवंडतो. येवढं खोटं लिवलंस.”

हेमांगीने ‘नीळ’ खोडलं.

आता मी तिच्या फिजिक्सच्या जुन्या पुस्तकात असतो. फीसाठी ती सकाळी पूनम सागर सोसायटीत लहान मुलांच्या शिकवण्या घेते. परीक्षकहो, माझं गेलं ते गेलं. पुढच्या कागदावर रेघ ओढण्याआधी तो वाचा तरी.