दाराला लावलेलं पेडल

"आई, सामानाच्या खोलीचं दार ज्यानं उघडं अडवून ठेवतेस, ते लोखंडाचं धूड कुणाचं गं?"

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या बँडनं लावली होती. आमचा चार मुलींचा हेवी मेटल बँड. मी गाते, शेजाऱ्यांच्या मते ओकते. काल आमची ड्रमर पाणी प्यायला आत आली, त्या धुडाला ठेचकाळली आणि तिथेच फतकल मारून बसली. "अगं बावळट, हे ड्रमचं पेडल आहे! दोन्ही पायांनी वाजवायचं. ह्याच्याशिवाय मेटल म्हणजे बालवाडीचं गाणं."

उलटं केलं, तर तळाला जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका. मी ते तिच्या हातातून हिसकावलंच.

कारण मावशीनं स्वतःच्या पेडलला लावलेला तो ठिपका मला तिच्या गोष्टीतून पाठ आहे. ती ड्रमवर, आई बेसवर, दोन मैत्रिणी गिटारवर. आधी गॅरेज, मग कॉलेजं, एक सीडी आणि शेवटी आठ हजार माणसांसमोरचं स्टेज. त्याच दिवशी पेडल हरवलं. गावात तसं दुसरं नव्हतं. कार्यक्रम रद्द, बँड खलास. मैत्रिणी म्हणाल्या, तूच बसमध्ये विसरलीस. मावशीनं पुन्हा ड्रमला हात लावला नाही. अजून म्हणते, "माझ्या वेंधळेपणानं चौघी बुडालो गं."

आणि आई दर वेळी तिच्या पाठीवरून हात फिरवते! मावशी येणार असली, की ते दार मात्र बंद.

आई तोच पेला पुसत राहिली. बाबा पेपरामागून म्हणाले, "आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा. माझ्या घरच्यांनी तिला स्टेजवर पाहिलं असतं तर..."

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं?"

बाबांनी पेपराचं पान उलटलं.

"मला बँडला नाही म्हणायचा धीर नव्हता," आई म्हणाली. "पिशवीत लपवलं. दुसऱ्या दिवशी देणार होते."

"अठरा वर्षं झाली, आई!"

"आता तिला सांगून काय मिळणार आहे?"

मी गायला लागले तेव्हा हीच मला म्हणाली होती, "मुलींचे बँड टिकत नाहीत, कुणीतरी घोळ घालतंच." मी शहाण्यासारखी मान डोलावली होती.

मी पेडल उचललं. दार धाडकन मिटलं. दप्तरातली पुस्तकं पलंगावर ओतली आणि पेडल आत कोंबलं.

"आई, बाबा, मी मावशीकडे चाललेय. हे तिला देणार, आणि कुठे होतं तेही सांगणार. तुझ्या तोंडून सांगायचं असेल, तर चपला घाल, आई. खाली जिन्यापाशी शंभरपर्यंत मोजते."