अकरा तुकड्यांचा सूड

सूड ही माणसाच्या मनातली सर्वांत उदात्त भावना आहे. तिच्यापायी राज्यं बुडाली, घराणी नामशेष झाली. घड्याळजींना तिच्यापायी कोऱ्या सीडींचं एक पुडकं हवं होतं, आणि ते शोधायला दुकानदार शिडीवर चढला होता.

"काका, ह्या आता घेतं कोण?" वरून धुळीसकट प्रश्न आला.

"एका माणसाला नेस्तनाबूत करायचंय."

"मग दहाचं पुडकं घ्या. एकदोन वाया जातात."

तो माणूस म्हणजे बायकोचा भाऊ. चाळीस वर्षं वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेला. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून घड्याळजी घरच्या संगणकावर सूर जुळवू लागले, तेव्हा तो म्हणाला होता, "भाऊजी, वाद्य फुंकतात, नाहीतर छेडतात. क्लिक करत नाहीत." तेही घड्याळजींनी गिळलं. पण मागच्या महिन्यात त्यांनी आपली चाळीस मिनिटांची रचना सीडीवर घालून मेव्हण्याकडे नेली. सगळं गोत जमलेलं. मेव्हण्याच्या जुन्या प्लेअरने सीडी तीनदा गरगरवली आणि तीनदा ‘डिस्क नाही’ म्हणून हात वर केले.

"यंत्रालाही चव असते हो!" मेव्हणा चहाचा घोट घेत म्हणाला. घड्याळजींची सख्खी बायकोसुद्धा हसली.

त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

"तुम्ही नुसत्या फायली कोंबल्या असणार," सगळं ऐकून दुकानदाराने शिडीवरूनच निदान केलं. "जुन्या प्लेअरला फायली वाचता येत नाहीत. बर्न करताना ‘ऑडिओ सीडी’ निवडा, वेग कमी ठेवा, आणि शेवटी डिस्क बंद करायला विसरू नका, नाहीतर प्लेअरला ती दिसतच नाही."

पहिल्या वेळी घड्याळजी डिस्क बंद करायला विसरले. दुसरी घाईत लिहिली, तिला उचक्या लागल्या. तिसरी सुरू असताना बायकोने झाडू मारता मारता वायर उपटली. "काय ते एकदा भांडून या ना त्याच्याशी!" ती म्हणाली आणि वाया गेलेल्या सीडी कबुतरं पळवायला गॅलरीत टांगल्या. कबुतरं त्यात तोंड बघायला येऊ लागली.

आठव्या सीडीला घड्याळजींनी जन्माची सवय वापरली. अख्ख्या रचनेचे मोजून अकरा सारखे तुकडे केले, सेकंदाचा फरक नाही, म्हणजे "हे ऐकलंत? परत ऐका!" असं म्हणत, बटण दाबून नेमक्या जागी शत्रूचं नाक घासता येईल. सूर मध्येच कापला जातोय का, हे त्यांनी पाहिलं नाही. वाजणार तर सलगच होते.

रविवारी तेच गोत, तोच प्लेअर. या खेपेला सीडी वाजली. घड्याळजींनी आरशासमोर घोटलेलं वाक्य जिभेवर आणून ठेवलं: "काय मेव्हणे, आली का यंत्राच्या तोंडाला चव?"

मेव्हणा भिंतीकडे बघत होता. पहिला तुकडा संपला आणि ऐन तानेत सगळं थांबलं. दोन सेकंद शुकशुकाट. मग तान पुढे सुरू. घड्याळजींना आता उमगलं. सीडी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येक तुकड्याआधी दोन सेकंद आपल्या मनाने मोकळे सोडले होते.

दुसऱ्या विरामाला मेव्हण्याने डोळे मिटले. चौथ्याला त्याचा हात हवेत थबकला. सातव्याला तो "अरे देवा!" म्हणाला, आणि दहाव्याला त्याने चक्क रुमाल काढला.

रचना संपली.

"भाऊजी," मेव्हणा रुमालाची घडी घालत म्हणाला, "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. चाळीस वर्षं फुंकत आलो, पण असं थांबायला नाही जमलं हो कधी. ऐन रंगात सोडून द्यायचं, म्हणजे छाती लागते. हे सुचलं कसं तुम्हाला?"

बायको अभिमानाने नवऱ्याकडे बघत होती. चाळीस मिनिटांत घड्याळजींनी न लिहिलेली वीस सेकंदं होती, आणि शत्रू नेमका त्यांनाच शरण आला होता. खरं सांगावं तर पुन्हा हसं. न सांगावं तर विजय कुणाचा? घोटलेलं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

"सुचलं आपलं," ते म्हणाले.

मेव्हण्याने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "एक मागू का? नाही म्हणू नका."

"मागा की."

"पुढच्या सीडीत मधलं ते संगीत जरा कमी करता येईल का?"