डाव्या बुटातला बिल्ला

मित्रांनो, गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. गोल अडवणाऱ्याच्या वाट्याला लाथा येतात. अशा लाथा खाऊन म्हातारा झालेला मी एक बूट आहे. चिखल्याच्या मँगनीज खाणीतला कामगार इश्वर, त्याचा डावा बूट.

१९७४ साली तुमसरच्या एका कारागिराने मला जाड चामड्यातून शिवले आणि तळाला चामड्याच्याच चकत्या ठोकल्या. इश्वर खाणीच्या फुटबॉल संघाचा फुलबॅक, म्हणजे गोलापुढची भिंत. त्याने जन्मात एकही गोल केला नाही, पण त्याला चकवून पुढे गेलेलेही फारसे कुणी नव्हते. वस्तीतले लोक म्हणत, “इश्वर उभा असला, तं गोलकीपरनं खुशाल बिडी ओढावी.” हे ऐकून माझी छाती फुगायची. बुटाला छाती नसते, हे मला मान्य आहे.

खाणीत एक रीत होती. खाली उतरताना माणूस आपला पितळी बिल्ला खाणीच्या तोंडाशी असलेल्या स्वतःच्या खिळ्यावरून काढून सोबत नेई आणि वर आल्यावर तिथेच टांगी. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली.

अठ्ठ्याहत्तर साली खाणीच्या संघाच्या अंतिम सामन्याला इश्वरला सुट्टी मिळेना. “आज मॅच नाय, पाळीवर चाललो,” असे बायकोला, सत्यभामाबाईंना, सांगून तो गेला. दुपारी ऐनवेळी त्याला सोडले, तसा तो वर येऊन थेट मैदानावर धावला. खेळाच्या चड्डीला खिसा नव्हता, म्हणून बिल्ला त्याने माझ्यात, मोज्याआड खुपसला आणि साफ विसरला.

सामना बरोबरीत असताना खाणीचा भोंगा वाजला. अवेळी भोंगा म्हणजे कुणीतरी खाली अडकले. सगळे मैदान गार पडले. इश्वरने पाय रोवला आणि बिल्ला त्याच्या घोट्याला टोचला. त्याचा खिळा रिकामाच राहिला होता; भोंगा त्याच्यासाठीच वाजत होता. कधी आपली जागा न सोडणारा हा माणूस, चेंडू समोरून येत असताना, खाणीकडे पळत सुटला. मागे गोल झाला.

खाणीच्या तोंडाशी सत्यभामाबाई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांचा भाऊ तुलाराम इश्वरला शोधायला उतरायच्या तयारीत होता, आणि खाली सुरुंगाचा धूर अजून कोंडलेला होता.

“तुलाराम, थांब बापा. मी वरच आहो,” इश्वर धापा टाकत म्हणाला. त्याने मला काढून उलटे केले. बिल्ला खणकन खाली पडला. तुलारामने तो उचलून खिळ्याला टांगला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

“माहा जीव जाऊन राहिला होता, अन् तुमी फुटबॉल खेलून राहिले होते,” सत्यभामाबाई म्हणाल्या. मग डोळे पुसून विचारले, “हरले का?”

“हरलो.”

“बरं झालं.”

त्याच संध्याकाळी त्यांनी घराच्या दाराशी एक खिळा ठोकून घेतला. पाळीवरून आल्या आल्या इश्वरने जेवणाचा डबा त्याला टांगायचा. तो दिसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पुढे गुडघा दुखावला आणि इश्वरचा खेळ सुटला. मी सरपणात जाऊन पडलो. माझा उजवा भाऊ उंदरांनी संपवला. माझे चामडे वाळून तडकले, पण कुणी विचारले नाही. फार वाईट वाटायचे. १९८७ मध्ये इश्वर खाणीतूनही निवृत्त झाला, आणि टांगायला डबा उरला नाही. तेव्हा सत्यभामाबाईंनी मला शोधून काढले, जवसाचे तेल चोळले आणि दाराशी टांगले. “हा खिळा रिकामा नाय राहाचा,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, जुन्या चामड्याला अधूनमधून तेल लावत जा. आणि बाहेरून घरी आलात, की दारातूनच हाक मारून सांगा, आलो म्हणून. आत कुणीतरी खिळ्याकडे बघत बसलेले असते.