पिवळे वीस टेंगे

वीस टेंगेचं नाणं पांढरं असतं, हे अल्माटीतलं शेंबडं पोरही सांगेल. सागिंदिकने चार वर्षांपूर्वी माझ्या हातावर ठेवलं ते पिवळं होतं, आणि मी त्याच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही.

दर रविवारी आम्ही नाणीवेडे बागेतल्या बाकांवर जमतो. टांकसाळीतूनच चुकून आलेलं नाणं कोणतं आणि नंतर डागाळलेलं, झिजलेलं कोणतं, याचा निवाडा माझ्याकडे. तीस वर्षं माझा, या तोक्तारचा, शब्द शेवटचा. त्याच माजात मी विचारलं, कुठून आणलंस? तो भाबडा, खरं ते बोलला. नातीच्या चाळिसाव्या दिवसाच्या अंघोळीतलं. आमच्यात त्या दिवशी बाळाच्या पाण्यात मीठ आणि चांदीच्या अंगठ्यांबरोबर नाणीही टाकतात, मग ती घरच्यांत वाटून घेतात. एवढं ऐकलं आणि माझा निकाल लागला. मिठाच्या पाण्यात पडलेलं नाणं पिवळं नाही पडणार तर काय! असली पिवळी नाणी घेऊन दर महिन्याला कोणीतरी येतंच. तो म्हणाला, निदान वजन तरी कर. त्यावर मी जे बोललो, ते बोलायला नको होतं.

"नातीच्या अंघोळीचं पाणी आम्हाला विकायला आलास होय रे?"

सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव अंघोळवाला पडलं, आणि तो यायचा बंद झाला.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. जनाज्याला इमामाने रीतीप्रमाणे विचारलं, हा माणूस कसा होता? सगळे म्हणाले, चांगला होता. मी गप्प राहिलो. लबाडाला चांगलं कसं म्हणू, असा माझा ताठा. त्याच्या मुलाने ते बघितलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं.

त्याची बायको कुल्याश गेल्या रविवारी बागेत आली. बसली नाही. रुमालातून नाणं काढून माझ्यापुढे ठेवलं. येत्या शुक्रवारी त्याला जाऊन वर्ष होतंय, त्याचं जेवण आहे, दोन्हीकडचे नातलग येणार आहेत.

"त्याआधी मला कळू दे, आगा," ती म्हणाली. "मी लबाडाबरोबर संसार केला का? वजन करा. ते एवढंच मागत होते."

मी खिशातला काटा काढला. मनात म्हटलं, होऊन जाऊ दे, हिचंही समाधान. पांढरं वीसचं नाणं तीन ग्रॅमच्या जरासं आत भरतं. डागाने रंग बदलतो, वजन खात नाही. काट्यावर आकडा आला दोन पूर्णांक दोन.

मी तबकडी पुसली, पुन्हा ठेवलं. तेच. दोन पूर्णांक दोन म्हणजे पाच टेंगेचं वजन, आणि पाच टेंगेचं नाणं पिवळंच असतं. भिंग लावलं. एक जुना ओरखडा होता, तो तळापर्यंत पिवळा. वरचा डाग असता तर खाली पांढरं दिसलं असतं. एका बाजूला काठ उठलाच नव्हता. त्या दिवशी मी त्याला झीज म्हटलं होतं. कसली झीज! ठसा मारलेली चकतीच लहान, तर काठ उठणार कुठून?

कुल्याश माझ्या तोंडाकडे बघत होती. काट्यावरच्या आकड्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. पलीकडच्या बाकावरून आमच्यातला किम ओरडला, "काय रे तोक्तार, अंघोळवाल्याचंच ना ते?" सगळ्यांच्या माना वळल्या. नुसतं हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. माझी तीस वर्षं शाबूत राहिली असती, आणि खरं सांगायला लाज कशाला, हो माझ्या ओठांवर आलं होतं.

मग मी उभा राहिलो.

"नाणं खरं आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पाचाच्या चकतीवर विसाचा ठसा बसलाय. सागिंदिक खरं बोलत होता. मी वजनच केलं नाही."

किमने मान खाली घातली. मी कुल्याशला म्हटलं, शुक्रवारी येतो, तुझ्या सगळ्या नातलगांसमोर हेच सांगतो, माफी मागतो. तिने नाणं शांतपणे रुमालात गुंडाळलं.

"या," ती म्हणाली. "पण ते दर रविवारी सकाळपासून कोट घालून बसायचे, आगा. तुमचा फोन आला तर लगेच निघता यावं म्हणून. दुपार झाली की मीच कोट काढायला लावायचे. तीन वर्षं."

त्याचा नंबर माझ्याकडे होता.