लाभ, दोन, तीन

जरा थांबा, मला पालथी घालू नका. माझ्या पोटात अक्षरं आहेत, सांडतील.

मी पायली. धान्य मोजायची लोखंडी पायली. काठोकाठ भरली की चार शेर, एक दाणा जास्त नाही की कमी नाही. आता बाजारात मला कोणी विचारत नाही. सरकारने नवी मापं आणली आणि आमची बंद केली, त्याला पाच-सहा वर्षं झाली. तरी मी खरी आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच मागून कोणी शंका काढायला नको.

माझा जन्म अकोल्याचा. लोहाराने पत्रा गोल वळवला, रिबिटा ठोकल्या, तोंडाला जाड पट्टी बसवली. माझ्याबरोबर शेर, मापटं आणि चिपटं अशी भावंडं घडवली. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची मी. सरकारी माणसाने आम्हाला तपासलं आणि अंगावर शिक्का मारला. तो अजून आहे, बोट फिरवून बघा.

आम्हाला विकत घेतलं चंद्रभानने. तो मापारी. म्हणजे धान्य देणारा आणि घेणारा या दोघांचाही ज्याच्या हातावर विश्वास, असा माणूस. तेल्हाऱ्यापासून दीड कोसावर, शेतातच त्याचं घर होतं. खळ्यावर ज्वारीची रास तयार झाली की त्याला बोलावणं यायचं. तो गुडघे टेकून बसायचा, मला भरायचा, रिती करायचा आणि तोंडाने आकडा म्हणत राहायचा. पण पहिल्या पायलीला त्याने कधी 'एक' म्हटलं नाही. एक म्हणजे एकटं, भरल्या राशीपुढे कशाला ते बोलायचं? म्हणून पहिली पायली पडली की 'लाभ'. दुसरी पडेपर्यंत 'लाभ, लाभ, लाभ', मग 'दोन, दोन, दोन', मग 'तीन'. पुढची पायली पडेपर्यंत मागचा आकडा तोंडातून सोडायचा नाही, म्हणजे मोजणी चुकत नाही. आमच्याकडच्या खळ्यांवर असंच मोजतात, तुम्ही ऐकलं असेल.

माणसं मोजताना फार गंभीर होतात, हे मी पाहिलं आहे. एरवी शेरभर बोलतील, पण मी भरत असले की सगळे गप्प.

चंद्रभानची बायको मैनाबाई. तिचं माहेर अंजनगाव सुर्जीचं. चौथीत पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सासरी तिच्या हातात पुस्तक कोणी पाहिलं नाही, कारण पुस्तक नव्हतंच. तिला मुलगी झाली शकुन, आणि तीन वर्षांनी मुलगा, देवीदास. शाळा होती तेल्हाऱ्यात. मधे नाला. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की दोन-दोन दिवस पलीकडे जाता येत नसे. शिवाय मैनाबाई शेतात तण निंदायला गेली की देवीदासकडे बघायला शकुनच. चंद्रभानला मुलगी नावडती नव्हती, पण तिला शाळेत घालायचं त्याच्या डोक्यातच नव्हतं. विषय निघाला की तो म्हणायचा, पोट्टीले काय करायचं आहे शाळेचं.

मैनाबाई वाद घालत बसली नाही. शकुन पाच वर्षांची झाली तेव्हा तिने शेतातली काळी माती भिजवली आणि बोटभर लांबीची अक्षरं केली. उन्हात ठेवली तर सगळी तडकली. काळी मातीच ती, वाळली की भेगाळणारच. मग तिने मातीत बारीक कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, आणि राख मिसळली, तेव्हा कुठे अक्षरं टिकली. ती तिने माझ्या पोटात टाकली आणि वर ज्वारी ओतली. शकुनने डोळे मिटायचे, ज्वारीत हात घालायचा, एक अक्षर धरायचं आणि न बघता नाव सांगायचं. बरोबर आलं तर अक्षर तिचं, चुकलं तर परत ज्वारीत. चार महिन्यांत सगळी अक्षरं शकुनची झाली. फक्त 'म' तीनदा करावा लागला, कारण देवीदास दर वेळी तोच तोंडात घालायचा.

मला सुरुवातीला राग यायचा, खोटं कशाला बोलू. माझं काम बाजारातलं, मानाचं, आणि इथे लेकरं माझ्या पोटात हात घालून खिदळतात. पण हळूहळू बरं वाटायला लागलं. धान्य येतं आणि जातं, कुणाचं होतं ते लक्षात राहत नाही. अक्षरं मात्र पोरीने घेतली ती घेतली.

हिशेबही असाच झाला. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या बोटभर काड्या मोडायच्या, दहा झाल्या की सुतळीने बांधून मोळी करायची. तेवीस सांग म्हटलं की दोन मोळ्या आणि तीन सुट्या काड्या. भाकरी मोडताना अर्धी, पाव. दाणे काढताना शेर, मापटं, चिपटं. मैनाबाईच्या तोंडून 'अभ्यास कर' हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. शेजारच्या शेतातली पार्बताबाई मात्र सगळ्यांना सांगायची, मैना लेकरांसंग मातीत खेळून राहिली, घरात कामं नाहीत वाटते तिले. मैनाबाई हसायची आणि हातातली माती मळत राहायची.

चूक झाली ती मोजणीत. शकुन मोजायला शिकली बापाजवळ बसून, खळ्यावर. म्हणून ती काड्या मोजायची, चिंचोके मोजायची, कोंबड्या मोजायची, सगळं 'लाभ'पासून. मैनाबाईने एक-दोनदा टोकलं, बाई, एक म्हण. पण चंद्रभानला भारी कौतुक. राहू दे वं, माह्यासारखी मोजते, म्हणाला. त्याला लेकीचं एवढं कौतुक एरवी वाटत नसे, म्हणून मैनाबाईनेही सोडून दिलं. मी तेव्हाच वाजून सांगितलं असतं, पण मापाचं ऐकतो कोण? ते भरलेलं आहे की रितं, एवढंच बघतात.

एकोणसाठ साली शकुन आठ वर्षांची झाली. जून महिन्यात शाळा उघडणार होत्या. मैनाबाईने नवऱ्यापुढे सरळ विषय काढला, तिला शाळेत घालायचंच. देवीदासही आता पाचाचा झाला, दोघं बरोबर जातील. चंद्रभानने बराच वेळ विचार केला आणि अट घातली.

"गुरुजीनं थेट तिसरीत घेतली तं जाऊ दे. पहिलीत बसवली तं घरीच राहीन. आठ वर्साची पोट्टी पहिलीत बसवली तं चौथी होईपर्यंत बारा वर्साची होईन. मंग शिकून काय करन?"

मैनाबाईने ऐकून घेतलं. तिला माहीत होतं की बारा वर्षांची झाली म्हणजे पुढे काय. तिचं स्वतःचं तेच झालं होतं. ठरलं, म्हणाली.

तेल्हाऱ्याचा बाजार होता त्या दिवशी सगळे निघाले. शाळेतून परस्पर बाजारात जायचं म्हणून चंद्रभानने आम्हा मापांना पोत्यात घालून खांद्यावर घेतलं होतं. म्हणून तर पुढचं मी पाहिलं.

गुरुजी शेषराव. तरुण, नुकतेच बदलून आलेले, अमरावती शहरात वाढलेले. धान्य ते दुकानातून पिशवीत आणणार, खळ्याशी त्यांचा संबंध आला नव्हता. स्वभावाने सरळ. त्यांनी शकुनपुढे पुस्तक ठेवलं, तिने घडाघडा वाचलं. पाटीवर लिहायला सांगितलं, तिने लिहिलं. गुरुजींनी मैनाबाईकडे पाहून विचारलं की हिला कोणी शिकवलं. मैनाबाईने नुसतं खाली पाहिलं. मला वाटलं, झालं काम.

मग गुरुजींनी मूठभर चिंचोके काढले आणि म्हणाले, मोज.

"लाभ," शकुन म्हणाली, "दोन, तीन, चार..."

गुरुजींनी थांबवलं. पुन्हा मोज म्हणाले. शकुनने पुन्हा 'लाभ'पासून धरलं. वर्गातली मुलं हसायला लागली. हसणाऱ्यांपैकी अर्धी खळ्यावर खेळूनच मोठी झालेली, पण शाळेत शाळेसारखं बोलायचं हे त्यांना ठाऊक होतं. शकुन बावरली. गुरुजींनी पाटीवर १ काढला आणि हे काय म्हणून विचारलं. त्या गोंधळात तिच्या तोंडून पुन्हा तेच आलं.

गुरुजी रागावले नाहीत. वाचन चांगलं आहे, म्हणाले, पण जिला एक येत नाही तिला तिसरीत कशी घेऊ? पहिलीत बसवतो, वर्षभरात सगळं होईल.

मैनाबाईच्या तोंडावरचा रंगच उडाला. तिने गुरुजींकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. तीन वर्षं माती मळली होती तिने, आणि आता त्याने नुसतं 'चाला' म्हटलं की सगळं संपणार होतं. चंद्रभानला हवं होतं ते आयतं हातात आलं होतं. लेक घरी राहणार, घरातलं बघणार, शब्द मोडल्याचा दोषही नाही. त्याचा हात पोत्याच्या तोंडावर होता. त्याची मोजणी आजवर कोणी चुकीची म्हटली नव्हती, आणि आता भर शाळेत त्याच मोजणीला पोरं हसत होती.

त्याने मला भावंडांसकट पोत्यातून काढलं आणि गुरुजींच्या टेबलावर ठेवलं. मी जरा जोरातच वाजले. वर्गातलं हसू थांबलं.

"गुरुजी, चूक पोट्टीची नाई," तो म्हणाला. "माही आहे. पहिल्या पायलीले मीच लाभ म्हणतो. तिनं माह्यापासून उचललं."

मग त्याने सगळं सांगितलं, खळ्यावर कसं मोजतात आणि का. मी त्याला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गुरुजींनी मधे न बोलता ऐकलं. हिला हिशेब येतो हे मला कसं कळायचं, त्यांनी विचारलं. काहीबी इचारा, चंद्रभान म्हणाला.

गुरुजींनी विचारलं, तीन पायल्या ज्वारी होती, त्यातली एक शेर दिली, तर किती चिपटी उरली? शकुनने पाटी घेतली नाही. तिने माझ्या काठावर बोट ठेवलं, मग शेरावर, मग चिपट्यावर, आणि चव्वेचाळीस म्हणून सांगितलं. गुरुजींनी कागदावर मांडलं. त्यांना वेळ लागला, कारण एका शेरात किती चिपटी बसतात हे आधी त्यांना शकुनलाच विचारावं लागलं. उत्तर चव्वेचाळीसच आलं.

तेव्हा गुरुजी पुढे वाकले आणि म्हणाले, "आणि राशीत एकच पायली निघाली तर? तिला लाभ म्हणशील की एक?"

शकुनने थोडा विचार केला.

"मागून दुसरी येनार असन तं लाभ," ती म्हणाली. "नाई येनार तं एक."

 गुरुजींनी दौत पुढे ओढली आणि तिसरीच्या वहीत शकुनचं नाव लिहिलं. शाळेत मात्र एक म्हणायचं, एवढं सांगितलं. मैनाबाई पदराने डोळे पुसत बाहेर गेली आणि देवीदासला उगाचच रागावली.

त्या दिवशी बाजारात चंद्रभान सतरावर चुकला. रास पुन्हा मोजावी लागली. मी त्याच्याकडे आले त्यानंतर असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, हे मला जास्त नवल.

पुढे किलो आले, तराजू आले. मापाऱ्याचं काम गेलं. चंद्रभान शेतीत राबू लागला. शेर कुठे गेला कळलं नाही, मापट्याला गंजून भोक पडलं, चिपटं देवीदासने खेळताना नाल्यात घालवलं. माझ्यात आधी कांद्याचं बी ठेवलं, मग भांडी घासायची राख, मग घर गळतं तिथे मला ठेवू लागले. चार शेरांची, शिक्क्याची पायली मी, आणि थेंब मोजत बसले. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण चंद्रभानने मला भंगारात दिलं नाही.

शकुन सातवी झाली. मग तिने बालवाडीचं शिक्षण घेतलं. यंदा, अडुसष्ट साली, तिला बाळापूरकडच्या एका खेड्यात बालवाडी सुरू करायला नेमलं. तिने निरोप पाठवला, बाबा, पायली घेऊन या. चंद्रभानने मला राखेनेच घासलं, मैनाबाईने नवी अक्षरं करून भरली, कुटार घालून, आणि 'म' दोन जास्तीचे. एसटीत चंद्रभानने मला मांडीवर घेतलं होतं.

आज बालवाडीचा पहिला दिवस. शकुन आठवडाभर घरोघर फिरली होती. लोकांनी हो हो म्हटलं, आणि मातीत खेळायला शाळा कशाला म्हणून लेकरं घरीच ठेवली. सकाळपासून एकच आली, चार वर्षांची, नाक ओढत. ऊन वर चढलं. दुसरं कोणी दिसेना. महिनाभरात पोरं जमली नाहीत तर बालवाडी बंद, असं शकुनला सांगितलेलं आहे.

"एकच आली वं," चंद्रभान हळूच म्हणाला.

शकुनने त्या पोरीला माझ्यापुढे बसवलं, तिचा हात धरून माझ्या पोटात घातला आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"एक नाई बाबा," ती म्हणाली. "लाभ."

 चंद्रभान खांबाला टेकून रस्त्याकडे तोंड करून बसला. अजून तिथेच आहे. त्याचे ओठ हलताहेत, जुनी सवय आहे ती, पुढची पायली पडेपर्यंत मागचा आकडा सोडायचा नाही. लाभ, लाभ, लाभ.

तुमच्या घरी चार-पाच वर्षांचं लेकरू असेल तर पाठवा हो. चंद्रभानला दोन म्हणायचं आहे.